नागपूरच्या अन्न कार्यालयातला संगणक कारभार: आधी तारखा, मग यंत्रं

अन्न व औषध प्रशासनाच्या विभागीय किंवा जिल्हा कार्यालयात 'आयटी' हा टेबल बहुतेकदा कुणाच्या तरी गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून पडतो. ज्याला प्रिंटरमधला अडकलेला कागद काढता येतो, त्याच्याकडे पासवर्ड, पोर्टल, कॅमेरा, यूपीएस सगळंच येतं. तुमच्याकडे ते आलं असेल, तर पहिल्या आठवड्यात एक रेघ मारून घ्या: आपलं काय आणि आपलं नाही काय.

परवाने आणि नोंदणी फॉस्कॉसवर, तपासण्या फॉस्कोरिसवर, प्रयोगशाळांचं काम इन्फोलनेटवर. ही सगळी एफएसएसएआयची, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची केंद्रीय पोर्टलं. ती बंद पडली की तुम्ही फक्त तक्रार नोंदवू शकता, दुरुस्त काहीच करू शकत नाही. तुमच्या हातात त्यांची या टोकाची बाजू आहे: खाती, घड्याळं, फोटो, फाइली, त्यांच्या प्रती आणि वीज. खटला फसतो तो बहुधा इथेच. नमुना बरोबर घेतलेला असतो, अहवालही स्पष्ट असतो, पण तारखा एकमेकींशी जुळत नाहीत.

तारखांचा तक्ता

बाकी काही करण्याआधी एक तक्ता तयार करा. एका नमुन्याला एक ओळ. रकाने असे: नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळेतल्या अन्न विश्लेषकाकडे पोचल्याची तारीख, अहवालाची देय तारीख, अहवाल आपल्याला मिळाल्याची तारीख, व्यावसायिकाला प्रत बजावल्याची तारीख आणि तिचा पुरावा, अपिलाची शेवटची तारीख, खटल्याच्या मुदतीची शेवटची तारीख.

यामागचा कायदा थोडक्यात असा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४६ प्रमाणे विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. जमत नसेल तर कारण आणि लागणारा वेळ पदनिर्देशित अधिकाऱ्याला (आपल्या क्षेत्रातल्या अन्न सुरक्षा कामाचा प्रमुख) व आयुक्तांना कळवायचा असतो. अहवालाविरुद्ध अपील ३० दिवसांत. कलम ३२ ची सुधारणा नोटीस १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीची काढता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम ७७: गुन्हा घडल्यापासून एक वर्षानंतर न्यायालय दखल घेत नाही. आयुक्तांनी कारणं लेखी नोंदवून मान्यता दिली तर ही मुदत तीन वर्षांपर्यंत जाते, पण त्या मान्यतेवर भिस्त ठेवून फाइल झोपवायची नसते.

तक्त्यात चुका ठरावीक जागी होतात. पहिली: १४ दिवस नमुना पाठवल्याच्या तारखेपासून मोजले जातात. मोजायचे पोचल्यापासून, म्हणजे प्रयोगशाळेच्या पोचशिक्क्यावर असेल त्या तारखेपासून. दुसरी: देय तारीख हाताने टाइप केली जाते. ती सूत्रानेच येऊ द्या आणि तो रकाना कुलूपबंद करा. तिसरी बारीक आहे: एक वर्ष काढायला लोक ३६५ मिळवतात आणि लीप वर्ष मध्ये आलं की एक दिवस चुकतो. एक्सेलमध्ये 'ईडेट' सूत्र वापरून १२ महिने मोजा. नवव्या महिन्याला ओळ पिवळी, अकराव्याला लाल होईल असं रंगांचं स्वरूपण लावा. पिवळ्या ओळी दर सोमवारी छापून सहायक आयुक्तांच्या टेबलावर ठेवा. पडद्यावरच्या लाल रंगाला कुणी घाबरत नाही, टेबलावरच्या कागदाला घाबरतात.

अहवाल ई-मेलने येत असेल तर तो 'कधी मिळाला' यावरून वाद होतो. म्हणून अहवालांचं खातं व्यक्तीच्या नावाने न ठेवता पदाच्या नावाने ठेवा, दोन जणांना ते रोज उघडायला लावा आणि मेल शीर्षभागासकट छापून फाइलला लावा. शुक्रवारी संध्याकाळी आलेला मेल सोमवारी उघडला, तरी तो आलेला शुक्रवारीच असतो.

पोर्टल बंद असल्याने नोंद उशिरा झाली तर मागची तारीख घालण्याच्या भानगडीत पडू नका. पडद्याचं चित्र घ्या, त्यात संगणकाचं घड्याळ दिसू द्या, आणि एका साध्या वहीत 'अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत पोर्टल बंद' अशी सहीनिशी नोंद करा.

घड्याळं

घड्याळ हा कुणाला काम वाटत नाही, पण यातूनच सगळ्यात लाजिरवाणे घोळ होतात. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी संपते, वीज जाऊन आली की तारीख पंधरा वर्षं मागे जाते, आणि यंत्राच्या छापील आलेखावर नमुना घेण्याच्याही आधीची तारीख येते. बचावपक्षाच्या वकिलाला याहून सोपा मुद्दा मिळत नाही. ती बॅटरी दोन प्लेट तर्री पोह्यांच्या पैशांत येते.

सर्व्हर, राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, नमुना-फ्रीजचा तापमान नोंदक आणि हजेरीचं यंत्र, या सगळ्यांची वेळ एका स्रोताशी जुळवा. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे हा स्रोत एनआयसीचा (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर असायला हवा, किंवा त्यांच्याशी जुळलेला. जी यंत्रं इंटरनेटला जोडता येत नाहीत, त्यांची वेळ दर सोमवारी हाताने तपासा. फरक आढळला तर लगेच बटण दाबून दुरुस्त करून मोकळे होऊ नका. आधी किती मिनिटं पुढे-मागे होतं ते लिहा, मग दुरुस्त करा. मधल्या आठवड्यातल्या नोंदींचा अर्थ त्या आकड्यावरूनच लागतो.

फोटो आणि व्हिडिओ

इतवारीत किंवा कळमन्यात धाड पडली की फोटो आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि तिथूनच कुणीतरी ते फाइलसाठी उतरवून घेतं. ही सवय मोडा. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली वेळ, ठिकाण ही माहिती गाळून टाकतं. म्हणजे फाइलला लागतो तो मूळ फोटो नसतोच. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. खरं म्हणजे मोबाइल केबलने जोडून मूळ फाइल उतरवावी.

क्रम असा ठेवा. अधिकारी कार्यालयात परतला की त्याच दिवशी मूळ फाइली प्रकरणाच्या फोल्डरमध्ये उतरवा. नावं बदलू नका, फिरवून सरळही करू नका. मग प्रत्येक फाइलचा हॅश काढा, म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा, तिच्या ठशासारखा सांकेतिक क्रमांक. विंडोजमध्ये त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, कमांड प्रॉम्प्टमधल्या 'सर्टयुटिल' आज्ञेने एसएचए-२५६ हॅश मिळतो. ती यादी छापून अधिकाऱ्याची सही घ्या. फोल्डर 'फक्त वाचनासाठी' करा. पाहण्यासाठी, वर्तमानपत्राला देण्यासाठी, सादरीकरणासाठी वेगळी प्रत काढा.

हे सगळं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलच्या कलम ६३ साठी. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब ची जागा या कलमाने घेतली आहे. अशा पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: भाग 'अ' उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहावं लागतं. दोन वर्षांनी प्रमाणपत्र तयार करायला बसलात तर तो मोबाइल कुणाच्या तरी मुलाच्या हातात असतो. त्याच दिवशी केलंत तर एकूण काम पंधरा मिनिटांचं.

चौदा आकडी क्रमांक आणि एक्सेल

परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. पहिला आकडा प्रकार सांगतो, १ म्हणजे परवाना आणि २ म्हणजे नोंदणी. पुढचे दोन राज्याचे. त्यामुळे महाराष्ट्राचे राज्य परवाने ११५ ने आणि नोंदण्या २१५ ने सुरू होतात. १०० ने सुरू होणारा परवाना केंद्रीय. तक्रार आल्या आल्या हे तीन आकडे पाहिले तर ती आपल्याकडची की केंद्रीय कार्यालयाकडे पाठवायची, हे तिथल्या तिथे कळतं.

पोर्टलवरून यादी उतरवली आणि माउसने दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की हा क्रमांक १.१५ई+१३ असा दिसू लागतो. इथपर्यंत नुकसान नाही. पण कुणी ती फाइल त्याच सीएसव्ही स्वरूपात जतन केली की शेवटचे आकडे शून्यं होतात आणि ते परत येत नाहीत. त्यामुळे फाइल थेट उघडू नका. एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून आयात करा आणि क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' निवडा. तीच गत नमुना क्रमांकांची: '३/१२' लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. शिवाय संगणकाची प्रादेशिक मांडणी 'इंग्लिश, इंडिया' आहे ना ते प्रत्येक टेबलावर जाऊन बघा. अमेरिकी मांडणीत ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट नसून ८ मे होतो, आणि वरच्या तक्त्याची सगळी सूत्रं गुपचूप चुकतात. तारीख १२ च्या पुढची असेल तर चूक दिसते तरी, १२ च्या आतली असेल तर दिसतही नाही.

याद्या जोडताना नाव हा आधार कधीच धरू नका. 'श्री गणेश', 'श्रीगणेश', 'न्यू श्री गणेश' अशी दुकानं एकाच गल्लीत सापडतात. परवाना क्रमांकावर जोडा. पण तोही पुरत नाही. परवाना संपू दिला आणि नवा घेतला की क्रमांक बदलतो आणि त्या जागेचा मागचा इतिहास तुटतो. म्हणून प्रत्येक जागेला आपला स्वतःचा कोड द्या आणि त्याखाली अक्षांश-रेखांश आणि आजवरचे सगळे परवाना क्रमांक ठेवा. मस्कासाथमधल्या एका इमारतीत तळमजल्यावर एक आणि वर दुसरा व्यवसाय असेल तर दोन कोड.

मराठी टंक

जुन्या पत्रांच्या फाइली श्री-लिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत असतील तर त्या शोधता येत नाहीत, आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर गिचमिड दिसतात. नवं सगळं युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकाने. जुन्यातलं फक्त चालू प्रकरणांपुरतं रूपांतरित करा. सगळी बांधणी बदलायला बसलात तर वर्ष जाईल आणि तपासणीविना झालेल्या रूपांतरात जोडाक्षरं चुकतील ती वेगळी.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'व्यापाऱ्याचे' मधला ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो, आणि 'ॲग्रो' मधला ॲ सुद्धा: एकदा एकच अक्षर म्हणून, एकदा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण शोधात एक सापडतं, दुसरं नाही. सगळ्यांचा कळफलक एकच ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. शिवाय महिन्यातून एकदा 'शोधा आणि बदला' चालवून यादी एकसारखी करा.

फोल्डरांची मांडणी

नवीन पद्धत शोधून काढू नका. सहा गठ्ठे पद्धत कार्यालयातल्या प्रत्येकाला पाठ आहे, तीच सामायिक डिस्कवर उतरवा: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायची आणि नष्ट करायची. प्रकरणाचं फोल्डर या सहांतून सरकत जातं. फोल्डरच्या नावात वर्ष, जिल्हा, नमुना क्रमांक, एवढंच. व्यावसायिकाचं नाव घालू नका. ते लांबतं, चुकतं, आणि पडद्याकडे पाहणाऱ्या कुणालाही कळतं.

नमुन्यावरचे लेबल

बारकोड किंवा क्यूआर लावण्याचा उत्साह असतो, लावा. पण पदनिर्देशित अधिकाऱ्याची सही, कोड आणि अनुक्रमांक असलेली कागदी पट्टी डब्याच्या तळापासून वरपर्यंत चिकटवलेली असते आणि तिच्यावर दोरा व सील असतं. त्या पट्टीवर, गाठीवर किंवा सीलवर काहीही चिकटवायचं नाही. क्यूआर बाहेरच्या वेष्टनावर, मोकळ्या जागी. साधं थर्मल लेबल घेऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते काळवंडतं आणि फ्रीजमध्ये ओलं होऊन पुसतं. रिबनवर छापणारा प्रिंटर आणि प्लास्टिकचं लेबल घ्या.

ऊन, कूलर आणि यूपीएस

नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कार्यालयात डेझर्ट कूलर लागतात. माणसांना ते ठीक, पण सर्व्हरच्या खोलीत कूलर अजिबात नको. पाण्याचा दमटपणा आणि क्षार थेट बोर्डांवर बसतात, दोन उन्हाळ्यांत संपर्क गंजतात. खोली लहान ठेवा, खिडक्या बंद आणि एसी. दोन एसी असतील तर आलटून पालटून चालवा. एकच असेल तर खोलीत तापमानाचा असा नोंदक ठेवा जो ३० च्या वर गेल्यावर मोबाइलवर संदेश पाठवतो.

यूपीएसच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं. त्यावर साधारण १० अंश वाढले की ते निम्मं होतं. ३५ अंशांच्या कोपऱ्यात चार वर्षांची बॅटरी दोनच वर्षं टिकते, म्हणून बदल 'बिघडल्यावर' न ठेवता वेळापत्रकावर ठेवा, शक्यतो फेब्रुवारीत. ६०० व्हीएचा यूपीएस एक संगणक आणि पडदा साधारण दहा-पंधरा मिनिटं ओढतो, म्हणजे जतन करून बंद करण्यापुरतं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तो गरम होताना एकदम मोठा भार घेतो आणि यूपीएस मान टाकतो.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मल्टिमीटरने मोजा. ३ व्होल्टच्या वर दिसला की शिपायाला सांगून खड्ड्यात रोज पाणी घालायला लावा आणि पीडब्ल्यूडीच्या विद्युत शाखेला पत्र द्या.

नमुन्यांचे उरलेले भाग ज्या फ्रीजमध्ये राहतात, त्याची वीज स्वतंत्र फेजवर हवी आणि तापमान नोंदक बॅटरीवर चालणारा. नोंदक त्याच विजेवर असेल तर वीज गेल्यावर नेमकी तेवढ्याच वेळाची नोंद गायब होते.

प्रयोगशाळेतले जुने संगणक

यंत्रांना जोडलेले संगणक बहुधा विंडोज ७ वर असतात, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर पुढे चालत नाही. ते बदलता येत नसतील तर एकटे पाडा: वेगळं नेटवर्क, इंटरनेट बंद, पेनड्राइव्ह बंद. निकाल फक्त एका दिशेने एका सामायिक फोल्डरमध्ये यावेत. छापील अहवालाबरोबर यंत्राची कच्ची फाइलही रोज उतरवून ठेवा, कारण अपिलात प्रश्न आलेखावर येतो. कार्यालयातल्या विंडोज १० ची गोष्ट निराळी. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या यंत्रांना एकटं पाडता येत नाही, बदलावीच लागतील. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून, तीन वर्षांच्या जागेवरच्या वॉरंटीसह, आणि मार्चएंडच्या आधी.

प्रती आणि हल्ला

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. नेटवर्कला कायम जोडलेली डिस्क ही प्रत नाही. खंडणीचा विषाणू आला की तो तीही कुलूपबंद करतो. दोन बाह्य डिस्क घ्या, सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) लावा, शुक्रवारी एक जोडून प्रत घ्या, काढा, दुसऱ्या कार्यालयाच्या कपाटात ठेवा, पुढच्या शुक्रवारी दुसरी. महिन्यातून एकदा कोणतंही एक प्रकरण डिस्कवरून परत काढून उघडून बघा. न उघडून पाहिलेली प्रत अडचणीच्या दिवशी हमखास दगा देते.

हल्ला झाल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं. जिल्ह्याच्या एनआयसी केंद्राचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, कारण त्या वेळी संगणक बंदच असतो. केबल काढा, यंत्र बंद करू नका, पुसूही नका. आणि नोंदी, म्हणजे फायरवॉल व सर्व्हरच्या, १८० दिवस ठेवायच्या असतात. बऱ्याच फायरवॉलची स्वतःची जागा महिनाभरात भरते, म्हणून त्या वेगळ्या डिस्कवर वळवा.

बदल्या

मे-जूनमध्ये बदल्या होतात आणि गेलेल्या अधिकाऱ्याचं लॉगिन कार्यालयात फिरत राहतं. 'साहेबांच्या लॉगिनने करून टाक' या एका वाक्यामुळे कुणी काय मंजूर केलं हे सिद्ध करता येत नाही. कार्यमुक्तीच्या कागदांत एक ओळ घालून घ्या: फॉस्कॉस, इन्फोलनेट, शासकीय मेल आणि ई-ऑफिसची खाती बंद किंवा हस्तांतरित, डिजिटल सहीचं टोकन जमा किंवा रद्द, मोबाइलमधले प्रकरणांचे फोटो उतरवले. ओटीपी येणारं सिम अधिकाऱ्याचं खासगी नको, पदाच्या नावाचं हवं. नाहीतर गडचिरोलीला गेलेल्या माणसाला फोन लावून, तो रेंजमध्ये येईपर्यंत थांबून, सहा आकडे विचारावे लागतात.

अधिवेशन

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं आणि तारांकित प्रश्न, लक्षवेधी यांची उत्तरं तासाभरात मागितली जातात. पोर्टलवरचा आकडा रोज हलतो, त्यामुळे सकाळी दिलेला आणि दुपारी दिलेला आकडा वेगळा निघतो. उपाय: दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी सगळ्या याद्या उतरवून तारीख-वेळेसह गोठवून ठेवा आणि उत्तरात 'दि. १ रोजी सकाळी १० च्या स्थितीनुसार' असं लिहा. नोव्हेंबरात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहाही जिल्ह्यांचे तक्ते एकाच साच्यात आहेत ना ते तपासा. एकाने 'घेतलेले नमुने' मोजलेले असतात, दुसऱ्याने 'अहवाल आलेले', आणि बेरीज कुणी करतच नाही, थेट छापली जाते.